दहा शेरांचं कुत्रं

सांताक्रूझ, मुंबई
९ जुलै १९५६

मामांना गेनूचा वाकून नमस्कार,

तुमचं कार्ड पोचलं. वर रंभाचं अक्षर बघितलं आणि वाटलं, आता लग्नाचं काहीतरी असणार. खोलीवर जायचाही धीर धरला नाही, रस्त्यातच वाचलं. निघालं कुत्र्याचं!

तुम्ही लिहिता, बेकरसाहेबाचं काम डिसेंबरात संपतंय. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात यंत्रं बसवून झाली की तो बायको-मुलीला घेऊन विमानानं आपल्या मुलखात जाणार, आणि मेमसाहेबाला इथनं एक लहान कुत्रं न्यायचंय. घरात बेबीजवळ राहील असं गुणी, आणि विमानात मावेल असं बेताचं. तुम्ही त्यांच्या बागेला पाणी घालता घालता बोलून गेलात की माझा सख्खा भाचा विमान कंपनीत आहे. त्यावर साहेब म्हणाला, कोंडाजी, तू कुत्रं जमव, मी जायच्या आधी तुझ्या घरातल्या एकाला कारखान्यात कायम चिकटवतो.

तो एक कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण मी काही दुधखुळा नाही, मामा. तुम्हाला मुलगा नाही. राहिलो मी. आणि कायमच्या नोकरीशिवाय रंभा द्यायची नाही, हे तुम्ही माझ्या आईला दोनदा ऐकवलंय. म्हणजे माझी नोकरी, माझं लग्न आणि इथनं पुढचा सगळा जन्म आता एका कुत्र्याच्या शेपटीला बांधला गेला. बेकर म्हणे. आमच्यासारख्या बेकारांना कामाला लावणाऱ्याचं नाव तरी बघा.

मी लगेच चौकशी केली. इथं माझ्या सामानखात्यात माझ्या हाताखालून दिवसाला सामानाचे दोनशे डाग जातात, त्यामुळे ओळख सगळ्यांशी आहे. काउंटरवरच्या बाबूनं सांगितलं ते असं: कुत्रं टोपलीत घालून माणसाच्या पायाशी ठेवायला मिळतं, पण टोपलीसकट दहा शेरांच्या आत पाहिजे. नाक चपटं नको, वर गेल्यावर अशा कुत्र्यांचा श्वास कोंडतो. भुंकणारं नको. सुई टोचल्याचा दाखला पाहिजे, तब्येतीचा दाखला पाहिजे आणि मालकाचा फोटो पाहिजे. मी तीन वर्षांपूर्वी कुरुळीहून निघालो तेव्हा माझ्याजवळ चौथी नापासचासुद्धा दाखला नव्हता. कुत्र्याच्या जन्माला आलो असतो तर निदान कागद तरी झाले असते.

इथं माणसालाही काट्यावर उभं करतात, खोटं सांगत नाही. परवा एक शेटजी काट्यावर चढायला तयार होईनात. त्यांच्या मांडीवरचं कुत्रं मात्र शहाणं. आपण होऊन चढलं.

तेव्हा दहा शेर. नीट बघून निवडा. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि थोडा कुत्र्याच्याही.

तुमचा,
गेनबा


पिंपरी
२४ जुलै १९५६

गेनबाला कोंडाजीचा आशीर्वाद. रंभी लिवती हाय, मी सांगतो हाय. तवा चूक दिसली तर तिची, शानपना दिसला तर माजा.

तुजं पत्र साहेबाला कळवलं. म्हंजी रंभीनं मेमसाहेबाला सांगितलं आन मेमसाहेबानं साहेबाला. साहेब म्हनला, भाचा हुशार हाय. मी झाडाला पानी घालत ऱ्हायलो.

रविवारी कुरुळीला गेलो. पारावर सांगितलं, विमानात बसनारं कुत्रं पायजे. दुपारपत्तोर अकरा कुत्री आली. ज्येच्या दारात कुत्रं न्हाई त्योबी आला. एकानं करडू आनलं, म्हनला, ह्येबी लहानच हाय, बघा साहेबाला चालतंय का.

मग माप केलं. दहा शेर जोंधळा पायलीनं मोजून टोपल्यात वतला, हातानं सपाट केला, आतनं कोळशानं रेघ मारली. जोंधळा काढला आन येकेक कुत्रं आत बसीवलं. रेघेच्या खाली ते पास, वर आलं ते नापास. पाटलाचं तांबडं कुत्रं आंगानं बसलं, पर शेपूट वर. पाटील म्हनला, शेपूट म्हंजी मापाच्या वरची शीग, शीग धरायची न्हाई. मी म्हनलो, विमानवाले सपाट घेत्यात का शिगंनं, ह्ये माज्या भाच्याला इचारावं लागंल. तर पाटील चिडून कुत्रं घिऊन गेला. आजून बोलत न्हाई.

शेवटाला सोनबा आला. त्येची मेंढरं वढ्याच्या कडंला बसल्यात, कुत्री व्यालीय. तिचं एक पिल्लू आनलं, दोन म्हैन्याचं, काळं-पांढरं, नाक लांब, नजर गरीब. टोपल्यात ठिवलं तर रेघेला चार बोटं कमी, आन ठिवल्या ठिवल्या झोपलंबी. समद्या पारानं टाळ्या वाजीवल्या. त्येच घिऊन आलो. बेबीनं उचललं ते खाली ठिवायलाच तयार न्हाई.

तुजं काम झालं आसं धर.

*

वरचं बाबांचं. हे माझं.

तू दहा शेर लिहिलंस. तो वजनाचा शेर की मापाचा? मी तिथंच विचारलं होतं. बाबा म्हणाले, "कुत्रं काय वाण्याकडची साखर हाय तोलायला? टोपल्यात मावतं ते विमानात मावतं." मला पटलं नाही. दुसरं असं की सोनबाची कुत्री मी पाहिली आहे. वासराएवढी आहे. तीही कधीतरी टोपल्यात मावत असणार.

त्या बाबूला विचारून कळव. आणि सामानखात्यात तू नक्की काय करतोस, तेही कळव. मेमसाहेब विचारत होत्या.

रंभा


सांताक्रूझ
५ ऑगस्ट १९५६

मामांना नमस्कार,

पत्र वाचून मन भरलं. अकरा कुत्र्यांमधून निवड, रेघ मारून परीक्षा, पास-नापास! मला शाळेत एवढ्या नीट कुणी तपासलं असतं तर मी आज कुठल्या कुठं असतो.

रंभाला सांगा, शेर म्हणजे शेर. विमानाचा कायदा मी इथं रोज बघतो, ती बघत नाही. बायकांनी या मापात पडू नये. तुम्ही केलं तेच बरोबर. आणि कुत्र्याच्या आईशी आपल्याला काय करायचंय? आईला कुठं विमानात बसायचंय? पोरगं आईबापांवरच जातं असं असतं, तर माझा बाप जन्मात कुरुळीची वेस ओलांडून गेला नाही आणि मी सांताक्रूझला विमानं बघतोय.

आता पुढचं ऐका. नुसतं मावून भागत नाही, सवय पाहिजे. विमान वर जाताना हादरतं, कानात दडे बसतात. तर टोपलीत बसवून त्याला रोज हलवा. यष्टीतून चाकण ते खेड एक फेरी करून आणा. त्या रस्त्यावर टिकलं तर विमान म्हणजे त्याला पाळणा वाटेल.

परवा एक बाई दोन कुत्री घेऊन आली. त्यांच्यासाठी डबा, डब्यात उकडलेली कोंबडी, गळ्यात नाव लिहिलेली पट्टी. मी डबा उचलून दिला, म्हणजे देवविला, तर म्हणाल्या, जपून, त्यांची झोपायची वेळ आहे. मी सलग बारावा तास उभा होतो. माझी झोपायची वेळ कुठल्या डब्यावर लिहिलेली नाही.

साहेबाला सांगून ठेवा, भाचा डिसेंबरापर्यंत इथली जबाबदारी सोडू शकत नाही, पण जानेवारीत नक्की हजर होईल. इथं माझा जीव लागत नाही, मामा. समोरून रोज विमान उडतं आणि मी तिथंच.

तुमचा,
गेनबा


पिंपरी
३० सप्टेंबर १९५६

गेनबाला आशीर्वाद.

कुत्रीचं बारसं झालं. मी न्हाई केलं. पैल्या दिशी साहेबाला मी सांगत हुतो, पायलीनं माप केलं, पायलीनं माप केलं. मेमसाहेबाला वाटलं, नावच पायली. आता बेबी दिसभर पायली पायली करती आन कुत्री शेपूट हालीवती.

तू म्हनलास तशी यष्टीनं खेडची फेरी केली. कंडक्टर म्हनला, कुत्रं घ्येत न्हाई. मी म्हनलो, आरं, ह्ये विमानात जानारं हाय. तर म्हनतो, मग विमानानंच जा. समदी गाडी हासली. शेवटी साहेबानं जीपमंदी घातलं, मी मागं टोपलं धरून बसलो. चाकणच्या पुढं खड्डंच खड्डं. पायलीला काय झालं न्हाई. मला वकाऱ्या झाल्या. मेमसाहेब म्हनल्या, कोंडाजी, तू विमानाला न्हाई चालनार.

साहेब खूश हाय. रंभी बंगल्यावर जाती, कुत्रीचं बघती. मेमसाहेब तिला विंग्रजी अक्षरं दावत्यात. मला आवडत न्हाई, पर साहेबाच्या मर्जीतलं हाय, तवा तुजंच काम पुडं सरकतंय म्हनून गप बसतो.

*

हे माझं.

पायलीला मी वाण्याच्या तागडीत घातली. साडेनऊ शेर भरली. टोपलीवाचून. आणि ती चार महिन्यांची आहे. तिचे पंजे बघितलेस तर कळेल, अजून निम्मीसुद्धा झालेली नाही.

जोंधळा मापल्यावर वाढत नाही. कुत्रं वाढतं. एवढी साधी गोष्ट सगळ्या पाराच्या लक्षात आली नाही, आणि माझ्या लक्षात आली ती मी बाई म्हणून तू ऐकली नाहीस.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते रोज जेवताना तुझ्या नोकरीचं बोलतात. आता तरी चौकशी कर. मोठं कुत्रं विमानातून नेतात की नाही, नेत असतील तर कसं. लवकर कळव.

रंभा


सांताक्रूझ
११ ऑक्टोबर १९५६

मामांना नमस्कार,

रंभानं खाली जे लिहिलंय ते तुम्ही वाचून घेतलं नसेल तर आता घ्या. कुत्री वाढते आहे! मामा, तुम्ही सोनबाला विचारलं का नाही? मेंढरांवरचं कुत्रं, लांडग्याशी झुंजणारं, ते काय मेमसाहेबाच्या पायाशी टोपलीत बसून जाणार? अकरा कुत्र्यांमधून तुम्ही नेमकं वासरू निवडलंत.

असू द्या. झालं ते झालं. आता असं करा. भाकरी अर्धी करा. दूध बंद. बेबीच्या ताटातलं तर अजिबात नको, साहेबाच्या घरचं खाऊनच ती फुगते आहे. पोरं खाऊन वाढतात, उपाशी ठेवली की वाढत नाहीत. मला ते घरीच शिकवलंय.

मोठ्या कुत्र्याचं विचारलं. सोय नाही. बाबूनं साफ सांगितलं, दहा शेरांच्या वर एक तोळाही नाही. तेव्हा दुसरा रस्ता शोधत बसू नका. मेमसाहेबाला सांगा, लहान दुसरं बघू. पारावर परत टोपलं ठेवा. पाटलाची समजूत काढा, त्याचं तांबडं कुत्रं निदान पूर्ण वाढलेलं आहे, शेपूट काय, वळवून ठेवता येते.

मला ही नोकरी हवी आहे, मामा. गंमत पुरे झाली. इथं मी फार दिवस काढू शकणार नाही.

गेनबा


पिंपरी
२० नोव्हेंबर १९५६

गेनबा,

भाकरी अर्धी केली. पायलीनं रात्रीतनं खानसाम्याची कोंबडी खाल्ली. मग साहेबाचा बूट खाल्ला. मग परत वाढली.

खानसाम्यानं सूड घेतला. पुन्याच्या कॅम्पातनं मुठीएवढं पांढरं कुत्रं आनलं आन साहेबाच्या टेबलावर ठिवलं. आता साहेबानं कबूल केलेली नोकरी खानसाम्याच्या मेव्हन्याला जाती म्हनून बंगल्यावर जो त्यो मला दाखवून हासतोय. पर बेबी त्या कुत्र्याला हात लावत न्हाई. परवा पायलीच्या गळ्यात पडून रडली, म्हनली, पायली न्हाई तर मीबी न्हाई. साहेबाचं डोकं फिरलंय. घरात दोन कुत्री, बायको बोलत न्हाई, पोरगी रडती, येक बूट न्हाई.

तू विमानातला मानूस. तुज्या जिवावर मी त्वांड उघडलं. कायतरी कर.

*

हे माझं, नीट वाच.

मी मेमसाहेबांना म्हटलं, आपणच कंपनीला पत्र घालू. त्यांनी लिहिलं, टपालात मी टाकलं. उत्तर आलं आहे. मोठी कुत्री लाकडी पेटीत घालून विमानाच्या पोटात, सामानाच्या खणात नेतात. आठवड्याला दोन-चार तरी जातात म्हणे. पेटी तुमच्या सामानाच्या दाराशी आणून द्यायची, तिथली माणसं ती विमानात चढवतात.

तू लिहिलंस, सोय नाही.

आठवड्याला दोन-चार पेट्या तुझ्याच दारावरून जातात, तर तुला माहीत नव्हतं असं होणार नाही. सांगायचं का नव्हतं, ते मला कळेना. आता थोडं कळू लागलंय.

साहेब बारा डिसेंबरला येताहेत. पायलीला घेऊन. बाबाही येताहेत सोबत. त्यांनी फेटा धुवायला टाकलाय. म्हणतात, पेटी दिली की गेनूच्या हापिसात जाऊन खुर्चीवर बसून चहा पिणार.

तुला काही सांगायचं असेल तर अजून तीन आठवडे आहेत.

रंभा


पिंपरी
४ डिसेंबर १९५६

तुझं पत्र नाही. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. उद्याच्या टपालानं लिहिलंस तरी पोचेल.

रंभा


सांताक्रूझ
१६ डिसेंबर १९५६

रंभा,

हे पत्र मामांना नाही, तुला आहे. मामा तर तिथंच होते, त्यांना काय लिहू?

तुला बहुतेक सगळं कळलेलं असणारच, तरी मी माझ्या तोंडानं सांगतो. मी सामानखात्यात हमाल आहे. निळा सदरा, छातीवर बिल्ला, नंबर सत्तेचाळीस. माझ्या हाताखालून दिवसाला दोनशे डाग जातात हे खरं आहे, फक्त काही डोक्यावरूनही जातात, ते मी लिहीत नव्हतो. कुत्र्यांच्या पेट्या मी स्वतः चढवल्या आहेत. सोय नाही असं लिहिलं, कारण पेटी आली की माणसं माझ्या दाराशी येणार आणि मी दिसणार. तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण खोटं सुचत नव्हतं. खरं तर सुचायचा प्रश्नच नव्हता.

बारा तारखेला दुपारी तीन वाजता साहेबाची गाडी आली. मागं ट्रकात पेटी. मामा पुढं, कडक फेटा, कोट. दारावरच्या शिपायाला म्हणाले, "गेनबासाहेब कुठं बसत्यात?" शिपाई म्हणाला, "इथं गेनबा एकच आहे आणि तो बसत नाही." मी ट्रंकांच्या ढिगाआड उभा होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

वाटलं, असाच आडोशाला राहावं. पेटी चढेल, विमान जाईल, मामा शोधून शोधून परततील. संध्याकाळी पत्र टाकायचं, कामानं अचानक बाहेर पाठवलं. पत्राचा मजकूरही मनात तयार झाला होता. पण पेटी सव्वा मणाची. कुत्रीच चोवीस शेर, वर फळ्या आणि खिळे. हमाल तीनच होते. मुकादम ओरडला, "सत्तेचाळीस कुठं मेला?"

मी बाहेर आलो.

मामांनी माझ्याकडं बघितलं. आधी तोंडाकडं, मग बिल्ल्याकडं, मग परत तोंडाकडं. तेवढ्यात साहेब म्हणाला, "कोंडाजी, तेरा अफसर भांजा किधर है?" मामा माझ्यावरची नजर न काढता म्हणाले, "छुट्टीपर गया है, साहेब." आणि मग मला म्हणाले, "बघतोस काय? उचल."

मी उचललं. चौथा कोपरा धरला. पायलीनं फळ्यांच्या फटीतून नाक काढून माझं मनगट चाटलं. तिला मी पहिल्यांदाच बघत होतो. डोळे खरंच गरीब आहेत गं. तिला अर्धी भाकरी द्या म्हणून लिहिणारा तो मीच, हे तिला ठाऊक नव्हतं. पेटी सावकाश ठेवली, शपथेवर सांगतो. बेबी लांबून हात हलवत होती, पेटीला.

विमान गेल्यावर वळून बघितलं तर मामा नव्हते. चहा प्यायले नाहीत. पाणीसुद्धा मागितलं नाही.

चार दिवस मी एकच विचार करतोय. मामांनी मला साहेबासमोर झाकलं की आपला भाचा म्हणायला नाकारलं? दोन्ही एकाच वाक्यात कसं काय बसतं?

नोकरीचं साहेब काय बोलून गेला, ते मला माहीत नाही. विचारायला तोंड नाही. तरी विचारतो.

गेनू


पिंपरी
२२ डिसेंबर १९५६

गेनू,

नोकरी लागली. मला लागली.

आधी हे वाचून घे, मग पुढचं वाच.

साहेब जायच्या दोन दिवस आधी मेमसाहेबांनी त्यांना विचारलं, कुत्रं जमवलं कुणी? साहेब म्हणाले, कोंडाजीनं. त्या म्हणाल्या, कोंडाजीनं टोपल्यात घातलं. तिला तोललं कुणी, वाढेल हे ओळखलं कुणी, पत्र घालून रस्ता काढला कुणी, पेटीचं माप सुताराला दिलं कुणी? साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला कारखान्यात नेलं. इंजेक्शनच्या भरलेल्या बाटल्या दिव्यासमोर धरायच्या आणि आत कण, केस, काही तरंगतंय का बघायचं, असं काम आहे. तिथल्या बाईंनी परीक्षेला शंभर बाटल्या दिल्या. त्यात सात खराब मिसळल्या होत्या. मी आठ काढल्या. आठवी त्यांनी भिंगाखाली धरली, मग माझं नाव लिहून घेतलं.

बाबांना हे निघायच्या आदल्या संध्याकाळी कळलं. रागावले. मग म्हणाले, पोरीच्या नोकरीनं काय व्हतंय, त्या गेनूला आता काय सांगू? तुला कसं सांगायचं, तेच मुंबईपर्यंत जुळवत गेले असणार. तिथं तूच त्यांना सांगण्यासारखं काही ठेवलं नाहीस.

झाकलं की नाकारलं, म्हणतोस. बाबांनी स्वतःला झाकलं. पाच महिने बंगल्यावर, गावात, पारावर, भाचा साहेब आहे म्हणून ते सांगत फिरले. घरी आले, फेटा काढला आणि तसाच पेटीत ठेवून दिला. तुझं नाव घेत नाहीत. पण काल शेजाऱ्यानं विचारलं, भाचा भेटला का, तर म्हणाले, "भेटला. लई काम हाय त्येला." त्यातलं खोटं कुठलं, मला काही सापडलं नाही.

तू हमाल आहेस याचं मला काही वाटलं नाही. चोवीस शेरांची कुत्री चौघांनी जपून उचलली, त्यातला एक तू, हे मी मेमसाहेबांना कळवीन. वाटलं ते याचं, की जुलैत मी सरळ विचारलं होतं आणि तू बायकांनी मापात पडू नये म्हणून लिहिलंस. आता मला रोज आठ तास मापातच पडायचंय.

रंभा


सांताक्रूझ
२८ डिसेंबर १९५६

रंभा,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा राग आला. मग हसू आलं. मग पुन्हा राग. मुकादमानं विचारलं, घरी कुणी गेलं का? म्हटलं, नाही, घरी कुणीतरी कामाला लागलं.

नोकरी तुलाच लागायला हवी होती. हे लिहायला मला चार दिवस लागले, तेव्हा ते खोटं नाही. मी उत्तरं लिहीत होतो मामांना, आणि पत्रं लिहीत होतीस तू. तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर मी एकदाही दिलं नाही. ते ऑगस्टातलं वाक्य परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. पण टपालात पडलेलं परत मिळत नाही, ते मी चौकशी करून बघितलं.

इथं मी राहणार नाही. चाकणच्या बाजूला काहीतरी बघेन, ओझं उचलायचं का असेना. कायमचं नसेल. साहेब तर मुळीच नसेन.

आजवर लग्नाचं मी मामांना विचारत होतो, आणि मामा ते साहेबाच्या शब्दावर टांगून ठेवत होते. आता साहेब गेला, कुत्री गेली आणि शब्द तुझ्या हातात पडला. तेव्हा तुला विचारतो. मी चालेन का?

नाही म्हणालीस तरी लिही. उत्तर आलं नाही की काय वाटतं, ते मला गेल्या महिन्यातच कळायला हवं होतं, आत्ता कळतंय.

गेनू


पिंपरी
४ जानेवारी १९५७

गेनू,

माझी शिफ्ट आठ ते चार. रविवारी सुट्टी. येत्या रविवारी कुरुळीला तुझ्या आईकडं जाणार आहोत, बाबाही आहेत. ये. बाबा पहिला तासभर बोलणार नाहीत, तू समोर बसून राहा. मध्येच उठून ढिगाआड जायचं नाही.

आणि हे नीट वाच. मी "ये" लिहिलं आहे. "हो" लिहिलेलं नाही. चौथीपर्यंत शिकलास, एवढा फरक कळायला तेवढं पुरे आहे.

रंभा